काळी पाच ते पांढरी एक : ट्यूबाची पट्टी कशी बदलतात?

ज्यांना लोकलमध्ये नेट मिळत नाही किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढलीय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय म्हणजे एक साधा प्रश्न. गायकाला काळी चार झेपत नसेल तर तो काळी दोन घेतो. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळायच्या, पेटीवाल्याने बोटं सरकवायची, की काम झालं. पेटी स्केलचेंजर असेल तर बोटंही सरकवायला नकोत. पण वाद्य म्हणजे पाच-साडेपाच मीटर लांब पितळी नळीचं दहा किलोचं वेटोळं असेल तर? त्याची पट्टी कशी बदलायची?

उत्तर असं आहे की करवत घ्यायची आणि नळी कापायची.

हे लोकांनी खरंच केलंय, आजही करतात. आणि या कापाकापीच्या मागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. सूर नक्की कुठे असावा हे कोण ठरवतं आणि ते बदललं की खर्च कुणाच्या खिशातून जातो, याचा तो इतिहास आहे.

आधी वाद्याची ओळख

ट्यूबा म्हणजे पितळी वाद्यांमधला सगळ्यात खर्जातला गडी. मांडीवर घेऊन वाजवायचा, कर्णा वरच्या बाजूला. वरातीच्या बँडमध्ये कधी कधी एक माणूस अंगाभोवती अजगर गुंडाळल्यासारखं वाद्य घेऊन चालतो, डोक्यावर भला मोठा कर्णा असतो. तो सुसाफोन, ट्यूबाचाच चालता-फिरता भाऊ. अमेरिकन बँडमास्टर जॉन फिलिप सुसा यांच्या नावावरून त्याला हे नाव पडलं.

ट्यूबाचा जन्म आपल्याला तारखेनिशी माहीत आहे. १२ सप्टेंबर १८३५ रोजी बर्लिनमध्ये विल्हेल्म वीप्रेख्त आणि योहान गॉटफ्रीड मोरित्स यांना त्याचं पेटंट मिळालं. वीप्रेख्त प्रशियाच्या लष्करी बँडचा माणूस, मोरित्स वाद्यं बनवणारा कारागीर. त्याआधी खर्जासाठी सर्पंट आणि ऑफिक्लाइड अशी भोकांची वाद्यं होती. मोरित्सच्या ट्यूबाला पाच व्हॉल्व्ह होते आणि पट्टी होती एफ, म्हणजे आपली पांढरी चार.

आता एक सोपं गणित, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पितळी वाद्याची पट्टी त्याच्या नळीच्या लांबीवर ठरते. नळी लांब तर सूर खाली, आखूड तर सूर वर. ट्यूबाचे चार मुख्य प्रकार असे :

पांढरी चार, म्हणजे एफ : साधारण १२ फूट नळी.
काळी दोन, म्हणजे ई-फ्लॅट : साधारण १३ फूट.
पांढरी एक, म्हणजे सी : साधारण १६ फूट.
काळी पाच, म्हणजे बी-फ्लॅट : साधारण १८ फूट.

यातले सी आणि बी-फ्लॅट खालच्या सप्तकातले, म्हणून त्यांच्या नळ्या इतक्या लांब.

व्हॉल्व्ह यायच्या आधी

पट्टी बदलायची गरज काही नवी नाही. अठराव्या शतकात हॉर्न वाजवणारे नळीचे सुटे तुकडे सोबत बाळगायचे. त्यांना क्रूक म्हणत. रचना वेगळ्या पट्टीत आली की एक वेटोळं काढायचं, दुसरं बसवायचं. वाद्य एक आणि पट्ट्या सात-आठ. अडचण एवढीच, की मध्येच बदलायला वेळ लागायचा.

१८१८ मध्ये श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी प्रशियात व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. व्हॉल्व्ह म्हणजे काय, तर तेच जादा वेटोळं, पण वाद्याला कायमचं जोडलेलं. बोटाने दाबलं की हवा त्या वेटोळ्यातून फिरून जाते, नळी तेवढी लांब होते आणि सूर उतरतो. पहिला व्हॉल्व्ह दोन स्वर उतरवतो (काळी-पांढरी सगळ्या मोजून), दुसरा एक आणि तिसरा तीन.

इथे एक गोम आहे. मला ती फार आवडते, कारण ती शुद्ध अंकगणितातून येते. समजा मूळ नळी १०० एकक लांब आहे. सूर दोन स्वर उतरवायला तिच्यात १२.२ ची भर लागते. तीन स्वर उतरवायला १८.९ ची. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबला की भर पडते ३१.१. पण पाच स्वर उतरवायला लागतात ३३.५! म्हणजे नळी आखूड पडते आणि सूर चढा लागतो. चूक बारीकशी नाही, दोन शेजारच्या स्वरांमधल्या अंतराच्या जवळपास एकतृतीयांश आहे. कान तयार नसलेल्यालाही ती खटकते.

यावर उपाय म्हणून चौथा व्हॉल्व्ह आला. तो एकटाच पाच स्वर उतरवतो. १८७४ मध्ये लंडनच्या बूझी कंपनीच्या डेव्हिड जेम्स ब्लेकली यांनी आणखी हुशारी केली. व्हॉल्व्ह एकत्र दाबले की हवा पुन्हा एकदा मागे फिरून छोट्या भरपाईच्या नळ्यांमधून जाते आणि कमी पडलेली लांबी आपोआप भरून निघते. ब्रिटिश धाटणीच्या ट्यूबांत ही युक्ती आजही वापरतात.

कापाकापी कुठून सुरू झाली

आता मुद्द्यावर येऊ. प्रत्येक देशाने आपापली पट्टी धरली. जर्मन ऑर्केस्ट्रात एफ आणि बी-फ्लॅट. फ्रान्समध्ये सहा व्हॉल्व्हचा छोटा सी ट्यूबा. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये ई-फ्लॅट आणि बी-फ्लॅट. अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या आणि लष्करी बँडमध्ये बी-फ्लॅट, पण ऑर्केस्ट्रात मात्र सी.

ऑर्केस्ट्रात सी का? ट्यूबावाला बहुतेक ठिकाणी खरा सूर वाचतो. कागदावर सी लिहिलाय तर त्याला सी-च काढायचाय. बी-फ्लॅट ट्यूबावर खालचा सी काढायला पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह लागतो, म्हणजे आपली ती बदनाम जोडी, नाहीतर चौथा. सी ट्यूबावर तोच सूर एकही बोट न लावता येतो. शिवाय ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाल्यांचं राज्य. त्यांना सोयीच्या पट्ट्या जी, डी, ए, ई. बँडला सोयीच्या असतात बी-फ्लॅट, ई-फ्लॅट. व्हायोलिनच्या पट्ट्यांमध्ये सी ट्यूबावर बोटं सरळ पडतात.

आता अडचण अशी, की अमेरिकेत बी-फ्लॅट ट्यूबा गल्लोगल्ली होते, पण चांगला सी ट्यूबा मिळायचा नाही. त्यात एका वाद्याने सगळ्यांना वेड लावलं. १९३० च्या दशकात मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कंपनीने फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासाठी एक मोठा सी ट्यूबा बनवला. संचालक होते लिओपोल्ड स्टोकोव्स्की, वादक फिलिप डोनाटेली. डोनाटेलींना तो काही सोयीचा पडेना. त्यांनी तो आपल्या एका विद्यार्थ्याला १७५ डॉलरला विकला, तोही हप्त्यांवर. विद्यार्थ्याचं नाव अर्नॉल्ड जेकब्स.

जेकब्स १९४४ मध्ये शिकागो सिंफनीत गेले आणि १९८८ पर्यंत तिथे वाजवत राहिले. फुप्फुसांची क्षमता कमी, त्यात दमा. तरी श्वास कसा वापरायचा हे शिकायला जगभरातून वादक त्यांच्याकडे यायचे. शिकागोच्या पितळी वाद्यांचा तो भरदार आवाज रेकॉर्डवरून सगळीकडे पोचला आणि प्रत्येक ट्यूबावाल्याला 'यॉर्क' हवासा वाटू लागला. पुढे स्वित्झर्लंडच्या हिर्शब्रुनर आणि जपानच्या यामाहा कंपनीने त्याची मापं घेऊन प्रतिकृती काढल्या. पण त्या महाग. मग हुशार कारागिरांनी दुसरी वाट धरली. शाळांच्या अडगळीत पडलेले यॉर्क, हॉल्टन, कॉन असे जुने बी-फ्लॅट ट्यूबा विकत घ्यायचे आणि कापून सी करायचे.

नेमकं काय कापतात

काळी पाचवरून पांढरी एकवर जायचं म्हणजे दोन स्वर वर. नळी मूळच्या ८९ टक्के उरली पाहिजे. १८ फूट म्हणजे साडेपाच मीटर, त्यातले सुमारे ६० सेंटिमीटर जाणार. ऐकायला सोपं वाटतं. पण थांबा.

एक तर प्रत्येक व्हॉल्व्हची नळीही त्याच प्रमाणात आखूड करावी लागते. मी आकडे मांडून बघितले. पहिल्या व्हॉल्व्हची साधारण ६७ सेंटिमीटरची नळी ६० ची होणार. दुसऱ्याची साडेतीन सेंटिमीटर कमी, तिसऱ्याची ११, चौथ्याची तब्बल २०. एकही विसरलात तर ते बोट दाबलं की सूर पडणार. भरपाईच्या नळ्यांचा ब्रिटिश ट्यूबा असेल तर त्या छोट्या नळ्याही मोजायच्या. म्हणून तसल्या वाद्याच्या वाटेला फारसं कुणी जात नाही.

दुसरं, आणि खरं कठीण, म्हणजे कुठे कापायचं. व्हॉल्व्हजवळचा भाग सोडला तर ट्यूबाची नळी सरळ पाइपसारखी एका मापाची नसते. ती तोंडाकडून कर्ण्याकडे हळूहळू रुंदावत जाते, निमुळती. मधूनच ६० सेंटिमीटर उडवले तर कापलेली दोन्ही तोंडं वेगवेगळ्या मापाची होतात आणि एकमेकांना जुळतच नाहीत. ओढूनताणून जुळवली तर रुंदी एकदम उडी मारते आणि त्याचा परिणाम वाद्याच्या अंगभूत सुरांवर होतो. एक स्वर चढा, दुसरा उतरा, तिसरा बोलतच नाही. म्हणून कारागीर एका जागी कापत नाहीत. मोठ्या वळणांचे हात थोडे थोडे आखूड करतात, काही वळणं दुसऱ्या वाद्याची बसवतात, फुंकण्याची नळी नवीन करतात. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं पितळ, ते तापवायचं, न चेपता काढायचं, पुन्हा डाग देऊन जोडायचं. आणि वाजवून बघेपर्यंत यश मिळालं की वाद्य बिघडलं हे कळत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. सूर खाली न्यायचा तर नळीत भर घालायची असते. ती भर उद्या काढताही येते, क्रूकवाले तेच करायचे. सूर वर न्यायचा तर कापावं लागतं, आणि पितळेला कंट्रोल-झेड नसतं.

सगळ्या देशाची पट्टी बदलते तेव्हा

एका माणसाने आपला ट्यूबा कापला तर ती त्याची मर्जी. पण सगळ्यांनीच वाद्यं बदला असा हुकूम आला तर? तसंही झालंय.

आज पाश्चात्त्य संगीतात मधल्या सप्तकातला ए, म्हणजे आपली पांढरी सहा, सेकंदाला ४४० कंपनांवर असतो. मे १९३९ मध्ये लंडनला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तशी शिफारस केली, पुढे १९५५ मध्ये आयएसओने ती उचलली आणि १९७५ मध्ये तिला पक्कं मानक केलं. त्याआधी एकोणिसाव्या शतकात सूर वर वर चढत चालला होता. चढा सूर उजळ वाटतो, म्हणून जो तो थोडा वर. फ्रान्सने १८५९ मध्ये कायदा करून ए ४३५ वर बांधला. त्या समितीत रॉसिनी आणि बर्लिओझ यांच्यासारखे लोक होते. ब्रिटनमध्ये मात्र ए ४५२ च्याही वर पोचला होता.

१८९५ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये प्रॉम्स मैफिली सुरू झाल्या. पैसे दिले डॉ. जॉर्ज कॅथकार्ट यांनी. हे गृहस्थ घशाचे डॉक्टर! त्यांची अट होती की सूर खाली आणा, कारण चढ्या सुराने गायकांच्या गळ्याची वाट लागते. फुंकवाद्यांची अडचण आली तेव्हा उतरत्या सुराची वाद्यंही त्यांनी स्वतःच्या खर्चाने आणवली. ऑर्केस्ट्रांनी हळूहळू नवा सूर स्वीकारला.

पण ब्रास बँडवाले तिथेच राहिले, चढ्या सुरावर, आणखी सुमारे सत्तर वर्षं! का? कारण हे बँड होते गिरण्यांचे आणि कोळशाच्या खाणींचे. ब्लॅक डाइक मिल्स, ग्राइमथॉर्प कोलियरी ही नावंच बघा. दिवसभर खाणीत राबायचं, संध्याकाळी तालमीला यायचं. वाद्यं बहुधा बँडच्या मालकीची, वर्गणीतून आणि बक्षिसांतून घेतलेली. ऑर्केस्ट्राला डॉक्टर भेटला, यांना कोण भेटणार? आणि बँडमध्ये सगळेच चढे असतील तर आपापसात सूर लागलेलाच असतो. अडचण बाहेरच्या पियानोबरोबर वाजवायची वेळ आली तरच.

१९६० च्या दशकाच्या मध्यात बूझी अँड हॉक्स कंपनीने चढ्या सुराची वाद्यं बनवणं बंद केलं आणि विषय संपला. नवं वाद्य जुन्याशी जुळणार नाही, म्हणजे एकतर सगळा संच नवा घ्या, नाहीतर आहेत ती वाद्यं बदलून घ्या. ४५२.५ वरून ४४० वर यायचं तर नळी पावणेतीन-तीन टक्क्यांनी लांब हवी. छोट्या कॉर्नेटला जेमतेम दीड इंच, १८ फुटी ट्यूबाला साधारण सहा इंच. इथे सुदैवाने कापायचं नव्हतं, जोडायचं होतं. सरकत्या नळ्या लांब करून कितीतरी वाद्यं वाचली.

अमेरिकेत हेच आधी होऊन गेलं होतं. तिथल्या जुन्या वाद्यांवर चढ्या आणि उतरत्या सुरासाठी 'एचपी' आणि 'एलपी' असे ठसे सापडतात. काही पितळी वाद्यांबरोबर तर दोन्ही सुरांच्या सरकत्या नळ्या मिळायच्या. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. त्यांची लांबी वाढवून उपयोग नाही, कारण भोकं जागच्या जागीच राहतात. ती वाद्यं निकामी झाली. आजही ऑनलाइन स्वस्तात दिसणारा जुना सॅक्सोफोन 'एचपी' निघतो आणि घेणारा फसतो.

आपला याच्याशी संबंध?

आहे ना. आपल्याकडे ही वाद्यं ब्रिटिश पलटणींच्या बँडबरोबर आली आणि तिथून वरातीत उतरली. मेरठची नादिर अली कंपनी १८८५ ची. फौजेच्या बँडमधल्या माणसानेच ती सुरू केली. आजही देशभरच्या वरातींतली कितीतरी पितळी वाद्यं मेरठच्या जली कोठी भागात घडतात.

आणि एक मोठा फरक. आपल्या संगीतात सा हा गाणाऱ्याचा असतो. तो कितीवर असावा याचा कायदा कुणी केला नाही. बाईंचा सा काळी चार, बुवांचा काळी एक, साथीला बसणाऱ्याने जुळवून घ्यायचं. तिकडे सूर सगळ्यांसाठी एक ठरला आणि माणसांनी, वाद्यांनी त्याला जुळवून घ्यायचं. दोन्हींत सोय आहे. एकच सूर ठरला म्हणूनच टोकियोचा वादक शिकागोत जाऊन पहिल्या तालमीपासून वाजवू शकतो. पण त्या सोयीचा खर्च सारखा वाटला गेला नाही. मानक ठरवणारे परिषदेत बसले आणि वर्गणी काढली खाणकामगारांनी.

मग जुना यॉर्क कापावा की नाही? माझं मत विचाराल तर, अडगळीत चेपून पडलेला, कुणी न वाजवणारा ट्यूबा कापून पुन्हा बोलता झाला तर ते चांगलंच. वाद्य वाजण्यासाठीच असतं. पण सुस्थितीतलं, मूळ रूपातलं वाद्य केवळ फॅशन म्हणून कापणाऱ्याने थोडं थांबावं. यॉर्कची मापं घेऊन प्रतिकृती करता आल्या त्या मूळ वाद्य शाबूत होतं म्हणूनच. ते कुणी कापलं असतं तर कशाची मापं घेतली असती?

शेवटी एक गृहपाठ. पुढच्या वरातीत नाचून दमलात की जरा बाजूला उभे राहा आणि बँडच्या मागच्या रांगेतलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य बघा. डाग दिलेल्या जागा शोधा, ठोकून सरळ केलेले पोचे मोजा. वाजवणाऱ्या काकांना फुरसत असेल तर विचारा, याची पट्टी कोणती? बहुतेक उत्तर येईल काळी पाच किंवा काळी दोन. आणि हे वाद्य कुणाकुणाच्या हातून फिरत आलं हेही विचारा. काय सांगितलं ते मला नक्की कळवा, चांगल्या गोष्टी पुढच्या भागात वाचून दाखवेन.

चला तर, भेटू लवकरच. तोपर्यंत सुरात राहा, ज्या पट्टीत झेपेल त्या.